त्या शब्दात कुलूप नव्हतं

व्यंकटराव वकिलांना आता 'पाणी'सुद्धा म्हणता येत नाही, हे रायभान मास्तरला भाजीबाजारात कळलं. सांगणारी खुद्द वकिलांची बायको होती. कमलबाई एरवी अशा बाजारात यायच्या नाहीत. पण घरचा गडी वऱ्हाडात निघून गेला होता, रझाकारांच्या भीतीनं गल्लीतली निम्मी घरं बंद होती, आणि त्या उन्हाळ्यात परभणीत कोण कुठे दिसेल याचा नेम राहिला नव्हता. हातातल्या दोडक्याकडे बघत त्या बोलत होत्या. "अर्धांगवायू झाला हो मास्तर. उजवी बाजू गेली, ते एक वेळ परवडलं. पण वाचा गेली. समजतंय सगळं, तोंडात शब्द येईना. डॉक्टर म्हणाले, लेकराला शिकवतेत तसं मुळाक्षरापासून शिकवा, जमलं तर जमलं. मुलगा तिकडं नागपूरला अडकलाय. तुमच्या शाळंला तशीबी पोरं कमीच यायलीत म्हणं. तुमी याल का?"  मास्तरच्या कानापर्यंत काहीतरी गरम चढलं. त्याला वाटलं आपल्याला भोवळ येतेय. मग कळलं की हा आनंद आहे. भाजीवाली पिशवी त्याच्यापुढे धरून कधीची उभी होती. "येतो की," तो म्हणाला, "उद्यापासनंच येतो." कमलबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांना तो कोण हे माहीत नव्हतं. शाळेतला इंग्रजीचा मास्तर, शांत माणूस, एकटा राहतो, एवढंच साऱ्या गावाला माहीत होतं.

घरी येऊन त्यानं भाजी तशीच कोपऱ्यात टाकली आणि भिंतीला टेकून बसला. गेली कित्येक वर्षं तो मनातल्या मनात व्यंकटराव वकिलांना भेटत आला होता. कधी रस्त्यात अडवून, कधी भर कचेरीत, कधी ते जेवायला बसलेले असताना. दर वेळी तो त्यांना एकच विचारायचा आणि दर वेळी वकील उत्तर द्यायचे. उत्तर देण्यात ते हुशारच होते. मनातल्या भांडणातसुद्धा ते जिंकायचे, आणि रायभान घामाघूम होऊन उठायचा. आता त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. पाणी मागायला शब्द नव्हता. बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी सामान लादून ठेसणाकडे चालली होती. तिच्यातल्या भांड्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला, आणि त्या आवाजात त्याला बहिणीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या आठवल्या. बांगड्या आठवल्या की पुढचं सगळं आपोआप यायचं. ते तो थांबवायचा नाही. दुखरा दात जिभेनं पुन्हा पुन्हा चाचपावा तसा तो तिथे जायचा.

त्याची बहीण बायनाबाई. झरीच्या शिवारात मेंढरं राखणारं घर. बाप मेंढरांमागे, आई लवकर गेलेली. नवऱ्यानं टाकल्यावर बायना परभणीत आली ती धाकट्या भावाला बोटाला धरून, आणि माणिकरावांच्या जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायच्या कामाला लागली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांवर, पापण्यांवर रुई चिकटलेली असायची. दिवसभरात म्हातारी होऊन परत यायची आणि तोंड धुतलं की पुन्हा तरुण. तिच्या अंगाला सरकीच्या तेलाचा वास यायचा. रायभान सरकारी शाळेत उर्दूत शिकायचा. तिला त्यातलं काही कळायचं नाही, पण त्यानं मोठ्यानं वाचलेलं ऐकायला तिला लय आवडायचं. "मलाबी शिकव की रं," एकदा म्हणाली. त्यानं घरीच थोडीफार गिरवलेली मराठी मुळाक्षरं तिला जमिनीवर काढून दाखवली. तिनं बोटानं क गिरवला आणि हसायला लागली. "ह्ये तर आपल्या मेंढ्यावानी दिसायलंय, शिंगं वाकडी." च-छपर्यंत ती आली होती. पुढची अक्षरं राहून गेली. शेडला बाहेरून कुलूप लावायची पद्धत त्याच हंगामात सुरू झाली. बाया लुगड्यात कापूस लपवून नेतात असं माणिकरावांना कुणीतरी सांगितलं होतं; मग सकाळी बाया आत गेल्या की मुकादम सटवाजी बाहेरून कुलूप घालायचा आणि दुपारी भाकरीच्या वेळी उघडायचा. बायनानं हे त्याला हसत हसतच सांगितलं होतं. "कोंबड्यावानी डालतेत बग आमाला."

आग लागली ती भाकरीच्या वेळेच्या थोडी आधी. कापसात खडा आला, यंत्रात घासून ठिणगी उडाली, असं नंतर सगळे म्हणाले, आणि ते खरंही असेल. रायभान शाळेतून धावत गेला तेव्हा शेडचे पत्रे आतून कुणीतरी बुक्क्या मारल्यासारखे वाजत होते. लोक हौदातून बादल्या आणत होते. तो दारापर्यंत पोचला होता. लोखंडी दार, त्याला कोयंडा, कोयंड्यात कुलूप. एवढं त्यानं पाहिलं होतं, अगदी हात लावून पाहिलं होतं; उजव्या तळव्यावर त्याचा डाग अजून होता. किल्ली सटवाजीपाशी होती आणि सटवाजी गावात जेवायला गेला होता. आतले आवाज आधी खूप होते, मग कमी झाले, मग एकच राहिला. तो कुणाचा हे त्यानं ओळखलं नाही. ओळखायला हवं होतं, असं त्याला नंतर वाटत राहिलं. सात बाया गेल्या. दार शेवटी भिंतीसकट खाली आलं, आणि दुसऱ्या दिवशी राखेत सगळं सापडलं, यंत्राचे दाते, बायांची जोडवी, पत्र्याचे डबे. तेवढं कुलूप सापडलं नाही.

कचेरीत चौकशी झाली तेव्हा तो मागं भिंतीला लागून उभा होता; पोराची साक्ष कुणी मागितली नव्हती. सटवाजी मुकादमानं शपथेवर सांगितलं की दार उघडंच होतं, कुलूप कधी लावतच नव्हते. मग माणिकरावांच्या बाजूनं व्यंकटराव वकील उठले. काळी शेरवानी, गोरा रंग, बोलताना दोन बोटं वर धरायची लकब. खडा, ठिणगी, कापूस, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. आणि मग वारा. त्या दिवशी जोराचा वारा सुटला होता, त्यानं दार आपटून लागलं आणि गरम होऊन चौकटीत घट्ट बसलं. रायभान ऐकत होता. त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. "जनाब-ए-आली," वकील म्हणाले, "यह किसी इन्सान का कसूर नहीं. यह एलेमेंटल मामला है." न्यायाला बसलेल्या मुन्सिफांनी मान वर केली. "मतलब?" वकील थोडेसे हसले. "अंग्रेजी लफ्ज है हुजूर. क़ुदरत की बुनियादी ताक़तें. आग है, हवा है. इनपर किसका हुक्म चलता है?" मुन्सिफांना शब्द आवडला. त्यांनी तो एकदा स्वतः म्हणून पाहिला. कचेरीत सगळ्यांनी माना डोलावल्या. रायभानला उर्दू येत होती. त्या दिवसातला प्रत्येक शब्द त्याला कळला होता, फक्त तो एक, अर्थ सांगूनही, कळला नव्हता. आणि त्या एकाच शब्दानं त्याची बहीण पुसून टाकली होती. बाहेर आल्यावर व्यंकटरावांना टांग्यात चढताना त्यानं पाहिलं. ते रुमालानं चष्मा पुसत होते.

तो शब्द कळावा म्हणून तो इंग्रजी शिकला. लोकांना वाटलं पोरगा जिद्दीचा आहे. औरंगाबादला तो एका खाणावळीत भांडी घासून शिकला. तिथे दिनकरराव नावाचे मास्तर होते, दम्याचे, प्रेमळ. त्यांना त्यानं पहिल्याच महिन्यात हा शब्द विचारला. दिनकररावांना असे प्रश्न आवडायचे. त्यांनी जाडा कोश काढला आणि खोकत खोकत समजावलं. "आपली पंचमहाभूतं आहेत ना, तशी त्यांची चार. पृथ्वी, पाणी, वारा, अग्नी. त्यांचं जे काही, ते एलेमेंटल. वादळ, वणवा, पूर. माणसाच्या आतलं जे आदिम असतं, भूक, राग, तेही. आणि मजा बघ रायभान, त्या महाभूतांमध्ये राहणारी जी भुतं, त्यांनाही हाच शब्द. आपल्याकडंही भूत म्हटलं की दोन्ही आलंच की." रायभाननं विचारलं, "पर सर, ह्यो आला कुठून?" दिनकररावांनी चष्मा कपाळावर चढवला. "लॅटिनमधून. तिथं मूळ शब्दाचा एक अर्थ मुळाक्षर असा होता. आधी अक्षरं, त्यांच्यापासून शब्द. तशी ही चार तत्त्वं, त्यांच्यापासून जग. काही लोक म्हणतात एल, एम, एन ह्या तीन अक्षरांवरनंच तो झाला, आपण कखग म्हणतो तसं. पण ते नक्की नाही. त्याच्या मागं काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही." त्या रात्री रायभानला झोप आली नव्हती. त्या शब्दात माती होती, पाणी होतं, वारा होता, आग होती. भूक होती, राग होता. भुतंसुद्धा होती. जगातलं सगळं त्यात मावत होतं. फक्त लोखंडाचं एक वीतभर कुलूप आणि ते लावणारा हात, एवढंच त्यात नव्हतं.

भाजीबाजारातल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी तो वकिलांच्या घरी गेला. व्यंकटराव ओसरीवर आरामखुर्चीत होते. अंग सुकलं होतं, तोंड उजवीकडे ओघळलं होतं, आणि लाळ पुसायला कमलबाईंनी गळ्यात एक फडकं बांधलं होतं. डोळे मात्र तेच. पहिल्या दिवशी मास्तरनं पाटीवर अ काढला, आ काढला. वकील डाव्या हाताचं एक बोट उचलून बघत राहिले, घशातून घरघर काढत राहिले. कमलबाईंनी चहा आणला. "माझं नाव घेतील का हो कधी?" त्यांनी हळूच विचारलं. "ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली न्हाई. आपल्यात मारत न्हाईत. अहो, अगं, एवढंच. आता काय झालंय, मी समोर नसले की हे नुसता डावा हात आपटतेत. नाव आलं तर हाक तरी मारतील." मास्तर म्हणाला, "घेतील की." आणि मग त्या आत गेल्यावर त्यानं खुर्ची जवळ ओढली. त्याचा आवाज त्याला वाटला होता त्याहून शांत निघाला. "वकीलसाहेब, मी रायभान. बायनाबाईचा भाऊ. माणिकरावांच्या जिनिंगमधल्या." व्यंकटरावांचं बोट खाली आलं. "मला तुमची सगळी वाचा परत आणता येईल का ठाऊक नाही. पण मी एकच शब्द शिकवणार आहे. तेवढा एकच." त्यानं खिशातून एक कुलूप काढलं. सकाळीच बाजारातून घेतलं होतं, काळं, हातात भरेल एवढं. ते त्यानं वकिलांच्या डाव्या तळव्यावर ठेवलं.

वकिलांनी ते फेकलं. कुलूप फरशीवर आपटलं, आतून कमलबाई "काय पडलं?" म्हणाल्या, आणि मास्तर म्हणाला, "काही न्हाई, पेन्सिल." त्यानं ते उचलून पुन्हा ठेवलं. असं काही दिवस चाललं. तो ठेवायचा, ते फेकायचे. तो पाटीवर क काढायचा, क ला उकार काढायचा, त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणायचा, कु, कु, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघताना त्याला बरं वाटायचं. इतकं बरं त्याला बहीण गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं. भूक लागायला लागली. शाळेत शिकवताना आवाज चढायला लागला. पिंगळीहून येणारा एक जुना सोबती म्हणाला, "मास्तर, लगीन ठरलं की काय? तोंडावर तेज आलंय." गाव रोज रिकामं होत होतं, रोज एखादं नवं दार बंद दिसायचं, लोक कुजबुजत बोलायचे, आणि त्याला त्यातलं काही लागत नव्हतं. तो दिवसभर संध्याकाळची वाट बघायचा.

मग एका संध्याकाळी त्याला ताप होता म्हणून तो नुसताच बसून राहिला. पाटी काढली नाही, खिशात हात घातला नाही. म्हटलं, आज राहू दे. व्यंकटराव त्याच्याकडे बघत होते.  त्यांनी डावा हात उचलला, त्याच्या सदऱ्याच्या खिशाला लावला आणि आतलं कुलूप वरून चाचपलं. मग तोंड उघडलं. ओठ नीट जुळेनात. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "कु," ते म्हणाले. रायभान दचकला. हे त्याला नको होतं. त्याला त्यांच्याकडून ते ओढून काढायचं होतं. माणूस स्वतः होऊन पुढं करायला लागला तर घ्यायचं कसं? त्या दिवशी तो लवकर घरी निघाला. वाटेत त्यानं स्वतःला सांगितलं की हे सोंग आहे, वकील आहे तो, समोरच्याला काय हवं ते ओळखून तेच द्यायची त्याची सवयच आहे. पण ते बोट खिशावर कसं फिरलं होतं ते त्याला आठवत राहिलं. आंधळ्यानं दाराची कडी शोधावी तसं. पुढच्या आठवड्यात शब्द पुरा झाला. कुलूप. प वर ओठ मिटले की थुंकी उडायची. कमलबाई आतून धावत आल्या, देवापुढं साखर ठेवली, आणि हसत, रडत म्हणाल्या, "अगं बाई, कुलूप! घराचीच काळजी लागलीय बघा ह्यांना. लावलंय हो, मागच्या दाराला पण लावलंय. आता पुढचा शब्द कोणता, मास्तर?" मास्तर म्हणाला, "हा पक्का होऊ द्या आधी."

माणिकराव अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी वकिलांना भेटायला आले. बाहेर टांगा उभा होता. माणिकराव आता आणखी जाड झाले होते, केस पिकले होते, पण येताना अजून आधी पोट आणि मग माणूस यावा तसेच आले. मास्तर कोपऱ्यात पाटी घेऊन बसला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "कसं काय वकीलसाहेब?" ते मोठ्यानं म्हणाले, जणू वकील बहिरे झाले होते. "आमी चाललो बगा. पोरीबाळीचं घर हाय, हितं राहून कसं जमावं? दिवस बदलले की येतो." व्यंकटरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुलूप."

माणिकराव हसले. "हां हां. दोन-दोन कुलपं घातलीत घराला. फिकीर न्हाई."

"कुलूप."

"लावलंय म्हणलो की."

व्यंकटरावांनी डाव्या हातानं त्यांची बाही धरली. "कुलूप. कुलूप." त्यांचा आवाज चढत गेला. माणिकरावांनी बाही सोडवायचा प्रयत्न केला, तशी त्यांनी आणखी आवळली. खुर्ची सरकली, फडकं गळ्यातून सुटलं. कमलबाई म्हणाल्या, "अहो, काय झालं? कसलं कुलूप म्हणतायत हे?" तेव्हा रायभान उभा राहिला.  "कोणत्या दाराचं कुलूप, ते विचारायलेत," तो म्हणाला.

माणिकरावांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तू कोन रं?"

"बायनाबाईचा भाऊ."

"कोन बायनाबाई?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांच्या तोंडावर लबाडी नव्हती, नुसता वैताग होता, आणि तो वैताग रायभानला आगीसारखा लागला. "कवडी वेचायची," तो म्हणाला. "तुमच्या शेडमध्ये. जळाली."

"कुलूप," व्यंकटराव म्हणाले, आणि आता ते रडत होते.

माणिकरावांनी जोरानं हात हिसडला. बाही उसवली. घाम पुसत, कमलबाईंकडे बघत, टांगेवाल्यानंही वळून पाहिलंय हे न बघता ते ओरडले, "अवो, ते कुलूप मुकादमानं लावलं हुतं! मी न्हाई लावलं! मी नुसतं म्हणलो हुतो, बाया कापूस न्यायल्यात, बंदोबस्त कर!" आणि मग थांबले.  कमलबाईंचा हात तोंडावर गेला होता. अकरा वर्षांपूर्वी भर कचेरीत जे कुलूप नव्हतंच, ते आता सगळ्यांच्या मध्ये होतं. माणिकरावांनी टोपी सारखी केली, काहीतरी पुटपुटले आणि पायऱ्या उतरले. टांगा गेला. रायभानला वाटलं आता काहीतरी होईल. आभाळ फाटेल, निदान आपण मोठ्यानं हसू तरी.  पण नुसती संध्याकाळ उरली, ओसरी, सुटलेलं फडकं.

त्यानं कमलबाईंना सगळं सांगितलं. कुलूप, तळव्यावरचा डाग, वारा नसताना वकिलांनी कचेरीत आणलेला वारा, तो शब्द. त्या ऐकत राहिल्या. मधे एकदा नवऱ्याकडे पाहिलं. व्यंकटरावांनी मान खाली घातली होती. शेवटी त्या म्हणाल्या, "त्या खटल्यानंतर हे झोपेत दचकून उठायचे. दार उघडा, दार उघडा म्हणायचे. मी उठून दार उघडायची. मला वाटायचं गरम होत असेल." त्यांनी सुटलेलं फडकं नवऱ्याच्या गळ्यात पुन्हा बांधलं. "तुमच्या बहिणीचं वाईट झालं मास्तर. ह्यांच्या तोंडून जे काढायचं ते तुमी काढलं. तुमचं झालं. आता उद्या या, आणि माझं नाव शिकवा. तीनच अक्षरं आहेत, काना न्हाई की मात्रा न्हाई."

"येतो," रायभान म्हणाला.

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याचे पाय त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. तिसऱ्या दिवशी तो तिकडे गेलाच नाही. एक शब्द आपण दिला, आता त्यांनी तेवढ्यावरच राहावं. भूक लागली तरी कुलूप, तहान लागली तरी कुलूप, बायकोला हाक मारायची तरी कुलूप. आपल्या बहिणीला शेवटी काय म्हणायचं होतं, ते कुठं कुणी ऐकलं? हे गणित त्याला बरोबर वाटत होतं. तो जेवताना ते मांडायचा, वर्गात मांडायचा, आणि दर वेळी ते बरोबरच येत होतं. तरी पुन्हा मांडून बघावंसं वाटत होतं. त्याला पुन्हा भूक लागेनाशी झाली. बायनाच्या भुवयांवरची रुई आठवायला गेला तर तिथं व्यंकटरावांचं थुंकीनं भरलेलं तोंड यायचं. हे त्याला सगळ्यात जास्त खटकलं.

एके सकाळी तो वर्गात इंग्रजी वाचून दाखवत होता, तेव्हा दारात कमलबाई उभ्या दिसल्या. डोक्यावरून पदर, अनवाणी. त्यानं त्यांना पाहिलं आणि धडा तसाच पुढं वाचत राहिला. पान संपलं. दुसरं पान काढलं. तेही संपत आलं तेव्हा त्यांनी आवाज न चढवता म्हटलं, "मास्तर, हे गेले."

तो बाहेर आला. शाळेच्या आवारात ऊन पसरलं होतं. "पहाटे गेले," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. "शेवटपर्यंत तेच म्हणायलते. कुलूप, कुलूप. मी घराची सगळी कुलपं काढली. दारं उघडली, खिडक्या, कपाटं, तिजोरी, देवघर. ओसरीत बसलं तरी आरपार परस दिसायला लागला. इतके वाईट दिवस, गल्लीत कोन न्हाई, तरी सगळं उघडं टाकलं. म्हणलं, बघा, काहीच बंद न्हाई आता. तरी म्हणायचेच." त्या थांबल्या. "माझं नाव शिकवलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

रायभानपाशी उत्तर होतं. ते गणित त्यानं इतक्या वेळा मांडलं होतं की तोंडपाठ झालं होतं. त्यानं तोंड उघडलं. समोर त्या अनवाणी उभ्या होत्या, पायांना फुफाटा लागलेला, आणि त्याच्या तोंडातून काहीच निघालं नाही.

"भांडायला आले न्हाई मी," कमलबाई म्हणाल्या. "गल्लीत तीनच बाप्ये आहेत. शेजारचे जोशी, त्यांचा म्हातारा मेहुणा, आन देवळातला पुजारी. खांद्याला चौथा मिळंना. ऊन व्हायलंय, ठेवता येत न्हाई. तुमी आमच्यातले न्हाईत ते मला समजतं. ते कोन बघायचं आता?" त्या एवढंच बोलल्या आणि उत्तराची वाट न बघता चालू लागल्या.

रायभाननं हातावरचा खडू धोतराला पुसला. आत पोरं गलका करत होती. क्षमा वगैरे त्याच्या मनात काही नव्हतं. ते शोधायला त्यानं मनात पाहिलंसुद्धा नाही. तो त्यांच्या मागोमाग चालत गेला. घराची सगळी दारं खरंच सताड उघडी होती. जोशींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, कमलबाईंकडे पाहिलं, आणि बाजूला सरकून जागा केली. तिरडी उचलली तेव्हा लक्षात आलं की बाकीचे तिघे बुटके आहेत आणि डोक्याकडच्या त्याच्या बाजूनं प्रेत वर जातंय, पायांकडे घसरतंय. कमलबाईंनी ते पाहिलं, काही बोलल्या नाहीत. स्मशान गावाबाहेर, रस्ता लांब, वर ऊन. रायभान गुडघ्यात वाकला, प्रेत सरळ झालं, आणि तो तसाच वाकून शेवटपर्यंत चालत गेला.